ठमाबाईची मोरी

“ठमाबाय, उद्या तू दिसायची नायस,” काशीराम घरत म्हणाले.

“म्हंजे मरू काय?” ठमाबाईने हातातला टोप घासता घासताच विचारलं.

“मरू नको. घरी ऱ्हा. मुंबईची मानसं येतायत हॉटेल तपासाला.”

“आनि भांडी?”

“भांडी एक दिवस पडून ऱ्हातील.”

ठमाबाईने शेटकडे असं पाहिलं, की शेट दोन पावलं मागे सरून केळीत गेले. अठरा वर्षांत हॉटेल सत्यवतीचं एक भांडं दुपारी दोननंतर उष्टं राहिलेलं नव्हतं.

पळस्प्याच्या फाट्यावरून गोव्याच्या रस्त्याला लागलं, की शिरढोणच्या अलीकडे डाव्या हाताला हे हॉटेल. काशीरामशेटनी बायकोच्या नावाने आधी चहाची टपरी टाकली, मग खाणावळ, मग वर दहा खोल्या. कर्नाळ्याला पक्षी बघायला जाणारी मुंबईची मंडळी तिथे उतरायची. पक्षी दिसला नाही तरी सत्यवतीवहिनींच्या हातची अळूवडी मिळायची, त्यामुळे कुणी रागावून परत गेल्याचं ऐकिवात नाही.

अळू मागच्या मोरीवर वाढायचं, आणि मोरी ठमाबाईची. डोंगराकडच्या वाडीतली बाई. स्वतःच्या नावावर मातीचं ढेकूळ नाही. भांडी घासायची ती बंबाखालच्या राखेने आणि नारळाच्या शेंडीने. साबणाचं नाव काढलं तर म्हणायची, “अळू काय फेस खातंय?” भांड्यांचं पाणी अळूला, खोल्यांतलं आंघोळीचं पाणी केळीला, उष्टं खरकटं कोंबड्यांना. पाहुण्यांची शिदोरी बांधायला पळसाच्या पत्रावळी तिच्याच वाडीतल्या बायका टाचून द्यायच्या. त्या अळूचं एकेक पान असं, की ठाण्याच्या एका डॉक्टरांनी आपली फियाट सबंध दुपार एका पानाच्या सावलीत ठेवली होती. मी बघितलीय. मागची चाकं तेवढी उन्हात होती.

आणि तिचे कान. वरच्या मजल्यावर नळ ठिबकला तर तिला खाली मोरीवर कळायचं. मग ती जिना चढून दार वाजवायची. “न्हाऊन झालं ना? केळीला पुरं झालं.” बँकेचे एक मोठे साहेब अंगाला साबण तसाच ठेवून बाहेर आले होते.

हे सगळं शेटच्या मुलाला, केतनला, मान खाली घालायला लावणारं वाटे. तो मुंबईहून हॉटेलचा कोर्स करून आला होता. त्यानेच एका पर्यटन संघाकडे अर्ज केला. जी हॉटेलं निसर्गाला धक्का न लावता पाहुण्यांचं करतात, त्यांना हा संघ दारावर लावायला पितळी पाटी देई. पाटी असली की परदेशी पाहुणे येतात, असं केतनचं म्हणणं.

“पप्पा, पाटी आली की आपण स्टँडर्ड हॉटेल. मग मागे सगळं सिमेंट करू, डिशवॉशर बसवू. ठमाबाईंना पण आराम.”

आराम म्हणजे काय, हे ठमाबाईला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. वाडीतल्या तिघी भट्टीवर विटा वाहायला जात होत्या. पाटी आली की चौथी तीच.

तपासणी कशी होते हे काशीरामशेटना ठाऊक नव्हतं. त्यांना ठाऊक होता मुलगी दाखवण्याचा कार्यक्रम. चार बहिणी त्यांनी दाखवून उजवल्या होत्या. त्यात नियम एकच: जे रोज वापरतो ते लपवायचं आणि जे कधीच वापरत नाही ते पुढे मांडायचं. तसंच त्यांनी हॉटेल नटवलं. लग्नाच्या मांडववाल्याकडून कनाती आणून मोरी, अळू, केळी, कोंबड्या सगळं झाकलं. दारात कारंजं बसवलं. पत्रावळी माळ्यावर टाकून थर्माकोलच्या ताटल्या आणल्या. टेबलावर प्लॅस्टिकचे गुलाब आले, आणि त्यांना वास हवा म्हणून केतनने त्यांच्यावर अत्तर मारलं. त्या दिवशी हॉटेलात शिरलेली एक मधमाशी चक्कर येऊन पडली म्हणतात.

मुंबईहून दोघं आले. समीक्षा कर्णिक नावाच्या तिशीतल्या बाई, हातात छापील कागदांचा गठ्ठा. बरोबर दीनानाथ म्हणून एक गृहस्थ, गळ्यात कॅमेरा. ते दिवसभरात फारसं बोलले नाहीत, पण खाल्लं सगळं.

“सांडपाणी कुठे जातं?” समीक्षाबाईंनी पहिला प्रश्न टाकला.

“सांडपानी?” काशीरामशेट हसले. “मॅडम, आमच्याकडं सांडपानी दिसनारच नाय. डायरेक खाडीत.”

बाईंनी लिहिलं.

“भाजी आसपासच्या गावांतून घेता?”

“छे, मॅम,” केतन म्हणाला. “सगळी बाहेरून, ट्रकने. लोकल माल आपण ठेवतच नाही.”

बाईंनी पुन्हा लिहिलं.

“इथल्या गावांतली किती माणसं कामाला आहेत?”

“एक पन नाय,” शेट छाती काढून म्हणाले. “सगला स्टाफ लांबचा.”

बाहेर त्यांचा स्टाफ, म्हणजे त्यांचे दोन पुतणे आणि एक मेव्हणा, आपण नक्की कुठून आलो असं सांगायचं ते आपसात ठरवत होते.

“टॉवेल रोज धुता, की पाहुण्यांना विचारून?”

“धुतो? एकदा हात पुसला की फेकतो, मॅडम.”

पेन जितकं जोरात चालत होतं, तितके काशीरामशेट खुलत होते. अळूवडीची बशी घेऊन आलेल्या सत्यवतीवहिनींना मात्र बाईंच्या खांद्यावरून कागद दिसला. एकाखाली एक, चार ठिकाणी भोपळा. वहिनींनी नवऱ्याला डोळ्यांनी खुणावलं. नवऱ्याला वाटलं, चहा सांगायचाय. त्याने चहा सांगितला.

समीक्षाबाईंनी अळूवडीचा तुकडा तोंडात टाकला आणि पहिल्यांदाच पेन खाली ठेवलं. “हे अळू कुठलं?”

“वाशीचं,” शेट म्हणाले.

“नागपूरचं,” त्याच वेळी केतन म्हणाला.

तेवढ्यात कनातीमागून आवाज आला. “दोन तास झालं, पानी कनचं चालू हाय ते?”

कारंजं आपलं उडत होतं.

ठमाबाई घरी राहिली नव्हती. दोनच्या आत भांडी होऊन जातील आणि ब्र काढणार नाही, एवढ्या बोलीवर वहिनींनी तिला मागच्या दाराने आत घेतलं होतं. भांडी झाली होती. पण उगाच वाहणारं पाणी कानावर पडत राहिलं, आणि तिथे बोली संपली. कनातीची दोरी सुटली, राखेने माखलेल्या हातांची ठेंगणी बाई बाहेर आली, सरळ दारात गेली आणि तिने कारंज्याची चावी पिळून बंद केली.

“ह्या कोण?” समीक्षाबाईंनी विचारलं.

“पावन्या हायत,” काशीरामशेट घाईने म्हणाले. “आमच्या मंडळींच्या माहेरच्या.”

“अठरा वर्सं?” ठमाबाई म्हणाली. “अठरा वर्सं कोन ऱ्हातंय रं पावनं? शेट, तुमी पावन्यांच्या हातात राख नि शेंडी देताव काय?” मग बाईंकडे वळून, “मी भांडीवाली.”

कनात एका बाजूने कोसळलीच होती. समीक्षाबाई पलीकडे गेल्या आणि तासभर आल्या नाहीत. राख कुठून येते, पाणी कसं वळवता, एका दिवसात किती लागतं, सगळं त्या विचारत होत्या. ठमाबाई सांगत होती, ‘याच्यात काय इचारायचं’ असा चेहरा करून. दीनानाथांनी कॅमेऱ्याचा सबंध रोल अळूवर संपवला. एका पानाचा फोटो घ्यायला त्यांना रस्त्यापर्यंत मागे जावं लागलं.

बाईंनी जुना कागद फाडून नवा घेतला, तेव्हा ठमाबाई पुढे आली.

“बाय, एक सांगू? तुमी ती पाटी देताव म्हने.”

“आता तर नक्की देणार.”

“देऊ नका.”

बाईंनी मान वर केली.

“पाटी आली की हितं सिमीट करनार. भांडी मशीन घासनार. मंग मी भट्टीवर. तुमचा काय ऱ्हाग नाय, पन नका देऊ.”

केतन कारंज्याकडे बघत उभा राहिला. काशीरामशेटनी परत चहा सांगितला. समीक्षाबाईंनी मात्र कागदाच्या शेवटी चार ओळी लिहिल्या.

पंधरा दिवसांनी पाटी आली. सोबत पत्र: मोरी, अळू, राख आणि ठमाबाईंची पद्धत जशीच्या तशी चालू आहे, तोपर्यंतच पाटी दारावर राहील, दरवर्षी येऊन पाहू. काशीरामशेटनी पत्र तीनदा वाचलं. सिमेंट राहिलं. मशीन राहिली. ठमाबाई राहिली.

पण केतन शिकलेला मुलगा. जे झाकता येत नाही ते दाखवायचं, हे त्याने चटकन उचललं. महिन्याभरात मोरीसमोर बाकडी आली आणि फळा लागला: ‘ठमाबाई, सकाळी दहा ते बारा.’ मुंबईच्या बसगाड्या भरून यायला लागल्या. पक्ष्यांसाठी आणलेल्या दुर्बिणी लोक सहा हातांवरच्या ठमाबाईवर रोखायचे. आता केतनला ती लवकर संपवतेय असं वाटे. “सावकाश घासा,” तो सांगायचा, “मागच्या रांगेला दिसत नाही.”

चार दिवस ठमाबाईने हे सोसलं. पाचव्या दिवशी एक जाडशा बाई अगदी जवळ येऊन “ओह, किती सुंदर” म्हणाल्या, तेव्हा तिने त्यांच्या हातात शेंडी दिली.

“बगताव काय नुसतं? बसा. बुडाकडनं घासा.”

बाई बसल्या. त्यांच्या शेजारची बसली. मग भांडी कमी पडायला लागली. दादर-पार्ल्याच्या बाया टोपासाठी नंबर लावतायत असं दृश्य पनवेल तालुक्यात त्याआधी कुणी पाहिलं नसावं. एका रविवारी तर सगळ्यांना पुरावीत म्हणून आठवड्याची भांडी आधीच उष्टी करून ठेवावी लागली, असं वहिनी सांगतात. त्यातलं निम्मं धरा.

त्या दिवसांत मी गेलो, तेव्हा मोरीवर सात बायका राखेत हात घालून बसल्या होत्या. ठमाबाई बाकड्यावर. तिला बसायची सवय नव्हती. पाय खाली टेकले नव्हते, हात कुठे ठेवावे ते कळत नव्हतं. वहिनींनी तिला कपबशीतून चहा दिला होता. तो संपल्यावर एक चष्मेवाल्या बाई कपासाठी हात पुढे करून उभ्या राहिल्या.

“द्या ना, मावशी. मी घासते.”

ठमाबाईने कप मागे घेतला.

“ह्यो ऱ्हाऊं दे,” ती म्हणाली. “ह्यो माजा.”

बाकड्यावरून उतरून तिने कोपऱ्यातली चिमूटभर राख घेतली, कप घासला, बशी घासली, दोन्ही विसळून उन्हाकडे धरून पाहिली, आणि ते ओंजळभर पाणी अळूच्या बुडाशी ओतलं.