वीसच्या पुढचा शब्द

शाळेच्या डिबेटची फायनल मी जिंकले, आणि कशी जिंकले ते ऐकाच. विषय होता, अणुचाचण्यांनी दूषित झालेलं एक बेट आता साफ केलंय, तर तिथल्या लोकांना परत राहायला पाठवायचं का? माझ्याविरुद्ध बोलणाऱ्या जिक्राचं म्हणणं, किरणोत्सर्ग वर्षाला एका मिलिसिव्हर्टच्या खाली येईपर्यंत थांबा. मी म्हणाले, वीसपर्यंत चालतो. आणि बाबांचा बॅज वर धरला.

बाबा गॅसच्या पाइपांचं वेल्डिंग किरणांनी तपासतात. अंगावर किती डोस आला ते बॅजवरून कळतं. हा जुना, बाद झालेला, माझ्यासाठी मुद्दाम आणलेला.

"यांची मर्यादा वीस आहे. ते बघा, तिसऱ्या रांगेत. दर शुक्रवारी बॅडमिंटन खेळतात."

सगळे वळून बघायला लागले. टाळ्या.

जिक्राने विचारलं, "तुझ्या लहान बहिणीला ठेवशील त्या बेटावर?"

"तिला? बेटच घाबरेल."

हॉल हसला. जिक्रा खाली बसली. पुढच्या फेरीसाठी मस्कतला शाळेतर्फे मी जाणार, खलास.

अबू हमूरला घरी जाताना बाबा गाडी चालवत होते. मागे माझ्या शेजारी धाकट्या गार्गीने चषकात चिप्स ओतले होते आणि बॅज गळ्यात अडकवला होता.

बाबांनी आरशात पाहिलं. "गार्गी, काढ ते."

"जुना तर आहे बाबा, त्याने काय होतंय?" मी म्हणाले.

"काही होत नाही. पण तो घालून मी जिथे उभा राहतो, तिथे तुम्हाला कधी नेलंय? दोरी बांधतो, सगळ्यांना लांब पाठवतो, मग काम सुरू. संपलं की घरी येतो." सिग्नल सुटला. "बेटावरच्या लोकांचं तर घरच तिथे आहे ना गं?"

मला ते माहीत होतं. वीसच्या पुढे 'कामगारांसाठी' असं लिहिलेलं मी वाचलं होतं. तो शब्द घेतला की मुद्दा पडत होता, म्हणून घेतलाच नाही. आणि वर बाबांना पुरावा म्हणून सगळ्यांसमोर दाखवलं.

मी जिक्राला फोन लावला. "वीस ही कामगारांची मर्यादा आहे. मला माहीत होतं."

ती म्हणाली, "हसला अख्खा हॉल. मग मला एकटीला काय सांगतेस?"

"रविवारी शाळा उघडली की असेंब्लीत सांगते."

फोन ठेवला तर बाबा आरशातून बघत होते. "मी येऊ?"

"नको," मी म्हणाले. गार्गीने चिप्स पुढे केले, ते घेतले नाहीत. "ये. तिसऱ्या रांगेतच बस."