खरी आजी

रालित्सानं लहानग्या यावोरसकट बाबागाडी उचलून तिसऱ्या मजल्यावर आणली आणि तिकीट न काढता आत घुसली.

"सपाता घाला," दारातली मुलगी मागून म्हणाली. "इथं बूट चालत नाहीत."

रालित्सानं ऐकलं नाही. ट्रामच्या थांब्यावरच्या जाहिरातीत तिनं सकाळी आपल्या आईचा चेहरा पाहिला होता. खाली लिहिलं होतं : सोफिया शहर पाहायला आलात? आमच्या म्युझियममध्ये खऱ्या आजीला भेटा.

म्युझियम म्हणजे चाळीस वर्षांपूर्वीसारखं मांडलेलं घर. स्वयंपाकघरात स्तोयना, तिची आई, एप्रन बांधून बसली होती. परक्या देशातलं एक गोरंपान पोर गुडघ्यावर घेऊन ती त्याला झुलवत होती. पोराची आई हसत होती.

स्तोयनानं मुलीकडं पाहिलं, मग तिच्या पायांकडं.

"बूट काढ."

"गुडघे कसे आहेत?"

स्तोयनानं पोर त्याच्या आईकडं दिलं.

"गुडघ्यांमुळं नातू उचलवत नाही म्हणालीस," रालित्सा म्हणाली. "सोमवारी नोकरीवर जायचंय मला. पाळणाघरात नंबर लागत नाही. तुला सगळं ठाऊक होतं."

"हळू बोल. लोक आहेत."

"असू देत. तिकीट काढून आलेत ना खरी आजी बघायला? बघू देत की."

दाराशी उभ्या जोडप्याला हाही खेळाचाच भाग वाटला. माणसानं मोबाइल वर धरला.

स्तोयनानं पावाचा काप घेतला, त्याच्यावर डुकराची चरबी लावली, बिनतिखट लाल मिरचीपूड भुरभुरली आणि बाबागाडीतल्या यावोरच्या हातात दिला. तो काढून घ्यायला रालित्साचा हात पुढं झाला.

"बघ," स्तोयना म्हणाली. "हेच."

"काय हेच?"

"हिवाळ्यात मी खिडकी उघडली आणि याला खोकला झाला. तू बोलली काहीच नाहीस. नुसती बघत राहिलीस. मी जन्मात इतकी भ्यायले नव्हते गं." तिनं एप्रनला हात पुसले. "इथं पोरं येतात, मांडीवर बसतात, जातात. शिंकली तरी कुणी माझ्याकडं तसं बघत नाही."

"मग सरळ सांगायचं होतंस."

"गुडघ्यांचं बरं असतं. त्यांच्यावर कुणी रागावत नाही."

यावोर हात वर करून आजीकडं झेपावत होता. स्तोयनानं त्याला उचललं, अगदी सहज. ते सहज उचलणं पाहून रालित्साचं डोकं पुन्हा तापलं. तिनं पर्समधून ओला रुमाल काढला. लाल पूड पोराच्या हनुवटीवर, कानावर, आईच्या बाहीवर लागली होती.

दाराशी उभ्या जोडप्यातली बाई तुटक इंग्रजीत म्हणाली, बाळाला जरा बाजूला घ्याल का, आम्हाला आजीसोबत फोटो हवाय.

"नाही," रालित्सा म्हणाली. "तो तिचा आहे."

बाई ओशाळून मागं सरकली. रुमाल रालित्साच्या मुठीत चुरगळला होता.

"सोमवारी याला इथंच आणून सोडते," ती आईला म्हणाली. "खरी आजी दाखवतात ना? नातूही खराच असू दे."

स्तोयना यावोरच्या तोंडाकडं बघत होती. त्यानं पावाचा शेवटचा तुकडा गिळला.

"सोमवारी म्युझियम बंद असतं," ती म्हणाली. "घरी आण."