झबल्याची गाठ

भाऊजींच्या पँटचा डावा खिसा दानाचा होता. परदेशात आल्यापासून रोज सकाळी हॉटेलच्या काउंटरवर ते मोठी नोट मोडून घेत आणि सुट्टे पैसे त्या खिशात टाकत. "उजवा आपला, डावा देवाचा," असं म्हणून स्वतःच हसत. घरी फाटकाशी कोणी हात पसरला, तर हेच भाऊजी 'धडधाकट आहेस, काम कर' म्हणून हाकलून देत. पण परक्या मुलखात त्यांचा हात सैल सुटला होता. प्रवासाने माणूस उदार होतो म्हणतात, ते असं.

त्यांच्या समोर बसून त्यांच्या धाकट्या भावाची बायको, घरातली धाकटी, चहा पीत होती. चहा गोड होता की अगोड, हे तिला कोणी विचारलं असतं तर सांगता आलं नसतं. नवरा गेल्यापासून तिचं सगळंच असं चाललं होतं. जेव म्हटलं की जेवायचं, नीज म्हटलं की निजायचं. सुरुवातीला ती रात्र रात्र रडायची. घरातल्यांना ते बघवेना, मग डॉक्टरांनी गोळी लिहून दिली. रडणं थांबलं. घर निवांत झालं. आता गोळ्यांचं पाकीट जाऊबाईंच्या पर्समध्ये असे आणि दुपारच्या जेवणानंतर त्या मायेने एक गोळी तिच्या तळहातावर ठेवत. या सहलीलाही त्यांनीच तिला आग्रहाने आणलं होतं. त्यांच्या मायेत खोट नव्हती.

धाकटीची एकच गोष्ट शिल्लक होती, ती म्हणजे शिवण. लहान मुलांचे कपडे शिवण्यात तिचा हात धरणारं कोणी नव्हतं. उरल्यासुरल्या कापडाची झबली शिवून ती पिशवीत ठेवायची आणि उघडंवाघडं पोर दिसलं की देऊन टाकायची. ती झबली इथेही तिच्याबरोबर आली होती.

आदल्या दिवशी चौकातल्या मोठ्या घड्याळाखाली, निळी ओढणी घेतलेली एक बाई मांडीवर बाळ घेऊन बसली होती. बाळ झोपलेलं. भाऊजींनी डाव्या खिशातली नोट दिली. धाकटीने खाली वाकून आपल्या हाताने बाळाला पिवळं झबलं घातलं, मागे बंद बांधले. तिची गाठ वेगळी असे, बाळाला टोचू नये म्हणून दोन वेढे देऊन टोकं आत खोचलेली. एवढं हलवूनही बाळ जागं झालं नाही. "गुणाचं आहे गं," जाऊबाई म्हणाल्या.

आज गाडी बाजारापाशी थांबली, तेव्हा ते पिवळं झबलं धाकटीला पुन्हा दिसलं. बाळ तेच होतं, गालावर तोच तीळ. बाई मात्र दुसरीच, पोरसवदा, सुकलेल्या ओठांची. भाऊजींनी तिला पाहिलं आणि सवयीने हात खिशात घातला.

धाकटी बाळाजवळ बसली. तिने झबल्याची पाठ चाचपली. गाठ तिचीच होती. दोन वेढे, टोकं आत. म्हणजे काल दुपारपासून या उन्हात कोणी बाळाला न्हाऊ घातलं नव्हतं की कपडा बदलला नव्हता. तिने गाठ सोडली. आत पाठ घामोळ्यांनी लाल झाली होती. तिने तळपायाला गुदगुल्या केल्या, मग जरा जोराने चिमटा घेतला. पाय हलला नाही. मान एका बाजूला कलली आणि ओठाच्या कोपऱ्यातून लाळ गळली.

ही झोप तिच्या ओळखीची होती. तिच्याही उशीवर रोज अशीच लाळ गळलेली असायची.

"हिला विचारा, बाळ कोणाचं आहे?" ती ड्रायव्हरला म्हणाली. ड्रायव्हर कालचाच होता, आणि आपल्याकडच्या प्रवाशांना फिरवून फिरवून मोडकंतोडकं मराठी बोलायला शिकला होता.

त्याने विचारलंच नाही. "बाई, तिला कशाला विचारता? बाळ रोज दुसऱ्या बाईकडे. सकाळी औषध पाजतात. रडणारं बाळ असलं की लोक पुढे जातात. झोपलेल्याला देतात."

"आणि तुम्ही काल बोलला नाहीत?"

"तुम्ही लोक खूश होता देऊन. मी कशाला बोलू?"

भाऊजींच्या हातात नोट तशीच होती. "हे बघ, आपण चार दिवसांचे पाहुणे. द्यायचं आणि पुढे जायचं. त्यांचं पाप त्यांच्यापाशी, आपलं पुण्य आपल्यापाशी."

"भाऊजी, देऊ नका."

आयुष्यात पहिल्यांदा ती त्यांना नको म्हणाली होती. आवाज चढलेला नव्हता. तिला राग आला आहे की नाही, हे तिचं तिलाच कळत नव्हतं. आंधळं दळतं आणि कुत्रं पीठ खातं, एवढंच असतं तर तिने सोडून दिलं असतं. पण इथे जात्यात बाळ होतं, आणि दळणाऱ्यांत कालचा आपलाही हात होता.

"पोलिसांना फोन करा," ती ड्रायव्हरला म्हणाली.

"गाडी उशिरा पोचेल."

"पोचू दे."

ड्रायव्हरने फोन लावला. ती पोरसवदा बाई उठू पाहत होती. पलीकडे भिंतीला टेकलेल्या एका माणसाकडे तिची नजर सारखी जात होती. तो माणूस दोन पावलं पुढे आला, गर्दी जमतेय असं पाहून गल्लीत शिरला. धाकटीने बाळाच्या छातीवर हात ठेवला होता, तो काढला नाही. दुसऱ्या हाताने तिने त्या बाईचं मनगट धरलं. पोलीस येईपर्यंत दोघी तशाच फुटपाथवर बसून राहिल्या, एकीची भाषा दुसरीला येत नव्हती.

पोलिसांनी बाळाला आणि बाईला दवाखान्यात नेलं. मागोमाग हे तिघेही गेले. बाकावर बसून बराच वेळ गेल्यावर आतून रडण्याचा आवाज आला. आधी बारीक, मग चांगला खणखणीत. जाऊबाईंनी कानावर हात ठेवले. धाकटी मात्र जिवाचा कान करून ऐकत होती. त्या आवाजाने तिच्या छातीत काहीतरी दुखलं आणि ते दुखणं तिला हवंसं वाटलं.

परत गाडीत बसल्यावर जाऊबाईंनी पर्स उघडली, गोळी आणि पाण्याची बाटली पुढे केली. "आज फार दगदग झाली तुझी. घे, पड जरा."

"नको ताई."

"अगं, मग परत रडत बसशील."

"बसेन."

जाऊबाईंनी गोळी परत पर्समध्ये टाकली.

सिग्नलला गाडी थांबली. भाऊजींच्या बाजूच्या काचेवर टकटक झाली. बाहेर एक बाई उभी होती, खांद्यावर बाळ, बाळ झोपलेलं. भाऊजींचा हात डाव्या खिशात गेला आणि तिथेच अडकला. त्यांनी वळून धाकटीकडे पाहिलं. तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ती ते पुसत नव्हती.

"काय करू गं?" त्यांनी विचारलं.

"काच खाली करा," ती म्हणाली. "आधी बाळाला हाक मारून बघा."