धबधब्यामागचा उरिस्क

मी एक जुना उरिस्क आहे, मित्रांनो. कमरेच्या वर माणूस, खाली बोकड. स्कॉटलंडच्या डोंगरात एका धबधब्यामागे माझे घर आहे. स्वतःचे तोंड दिसू नये म्हणून मी डोळे मिटून पाणी पितो.

उन्हाळ्यात खालच्या गावच्या बायका गुरे घेऊन डोंगरावर राहायला येत. त्यांत ओइरिक नावाची एक विधवा होती. धुक्यात चुकलेल्या तिच्या गाई मी लपतछपत वळवून आणी. ती झोपडीबाहेर सायीचा वाडगा ठेवी. "आमच्या राखणदाराचा वाटा," असे म्हणे. मला फार बरे वाटे. तिने मला पाहिले नव्हते, म्हणून तर ती कौतुक करत होती.

एके दुपारी तिची गाभण गाय दलदलीत रुतली. शिंगे धरून ओढता ओढता ओइरिकही मांड्यांपर्यंत आत गेली. मी दगडाआड उभा होतो. बाहेर पडलो तर ती मला पाहणार! गाईचे नाक चिखलाला टेकले, तेव्हा मात्र धावलो. आधी ओइरिकला बाहेर काढले, मग गाईला खांदा दिला.

तेवढ्यात शेजारीण मुरेल आली आणि किंचाळली, "अगं बाई, सैतान! ओइरिक, पळ!"

ओइरिकने माझे खूर पाहिले. तिचा चेहरा पांढराफटक पडला. मी हातांनी तोंड झाकले. पाय कशाने झाकणार?

"सैतान कसला?" ती कापऱ्या आवाजात म्हणाली. "हा आमचा राखणदार आहे. तू बघत काय बसलीस? दोर आण!"

गाय वर येताच मी त्यांच्यादेखत धबधब्याकडे पळालो. त्यानंतर वाडग्याकडे फिरकलो नाही. लाजेने अन्न गोड लागेना.

एका संध्याकाळी ओइरिकच वाडगा घेऊन धबधब्यापाशी आली. तो दगडावर ठेवून माझ्याकडे पाठ करून बसली.

"मी बघत नाही हं. निवांत जेव. भीती वाटते मला अजून, खोटं कशाला बोलू?" मग म्हणाली, "गाय व्यायली. वासरू अगदी तुझ्यासारखं झिपरं आहे बघ."

मला हसू फुटले. ते हसणे ऐकून ती दचकली, पण उठली नाही.

मित्रांनो, माझी लाज अजून गेलेली नाही. पण त्या दिवशी मी वाडगा चाटूनपुसून खाल्ला. तुम्हाला कुणाच्या रूपाची भीती वाटली, तर खुशाल पाठ करून बसा. फक्त उठून जाऊ नका.