मागं वळून बघणारा वेल्को

"वेल्कोआजोबा, तुमचं खरं वय किती हो?"

विचारलं एकदाचं! कुंपणाआड देन्का आणि बाकीच्या मैत्रिणी तोंड दाबून खिदळत होत्या. पैज त्यांचीच. मी ऐनवेळी शेपूट घालणार, अशी त्यांची खात्री होती. पूर्वी घातलीही असती. यंदा मी ती रुमेना राहिलेली नाही.

आजोबा अंगणात बसून पंपासाठी चामड्याचा वायसर कापत होते. गावातले पाण्याचे पंप तेच दुरुस्त करतात, फार सावकाश.

"बाबाला विचार की. एका बाकावर बसायचो आम्ही."

"तेच तर! बाबा आहेत चव्वेचाळीसचे, आणि तुम्ही..."

"थेरडा. बोल, बोल." ते दात नसलेल्या तोंडानं हसले. मग माझ्याकडे बघतच राहिले. "जन्मवार कोणता गं तुझा?"

"शनिवार."

कात्री थांबली. "चल. देन्काकडचा पंप बघायचाय. तिथल्या पाळण्याकडे नीट बघ. आणि ओरडू नकोस."

देन्काचे आजोबा नुकतेच वारले होते आणि तेव्हापासून तिची तान्ही बहीण वाळत चालली होती. डॉक्टरांनी हात टेकले होते. आम्ही आत गेलो. भर दुपारच्या उन्हात पाळण्यावर एक सावली वाकली होती. ती पाडणारं माणूस मात्र कुठंच नव्हतं. देन्काची आई त्या सावलीतून आरपार चालत आली आणि माझ्या हातावर चीज भरलेली गरम बनित्सा ठेवली. ती मी तशीच हातात धरून बाहेर आले.

"आपल्याला दिसतं. शनिवारच्यांना," रस्त्यावर आल्यावर आजोबा म्हणाले. "प्रेताची राखण करताना कुणाला तरी डुलकी लागली आणि प्रेतावरून मांजर उडी मारून गेलं. असं झालं की मेलेला पिशाच्च होऊन उठतो. आता म्हातारा नातीचंच रक्त पितोय. चाळीस दिवस भरले की अंगात हाडं धरतील, मग जिवंत माणसासारखा परगावी जाऊन खाटकाचं दुकान थाटेल."

"म्हणजे त्याला मारायचं?"

"मारतोय कशाला बिचाऱ्याला? मांजर हाकलायचं."

आम्ही दफनभूमीच्या फाटकाशी पोचलो. "दफनाहून परतताना मागं वळून कोण बघतं?" त्यांनी विचारलं.

"कुणीच नाही. आई तर मान धरते माझी!"

"मी बघतो," म्हणाले आणि देन्काच्या आजोबांच्या थडग्यापर्यंत जाऊन परत निघाले. फाटकाशी आले. वळले.

आणि नव्हतेच! तिथलं गवत तेवढं हललं. मी हाक मारायच्या आत मेंढवाड्याच्या बाजूनं ते काठी टेकत आले. मघा गुळगुळीत असलेल्या हनुवटीवर बोटभर दाढी. मनगटावर मांजराच्या नखांचे सुकलेले वण.

"काळात जितकं मागं जावं तितकं पुन्हा जगत यावं लागतं," ते धापा टाकत म्हणाले. "लपून. गावात दुसरा मी हिंडत असतो ना! पूर्वी अशाच एका खाटकापायी नऊ वर्षं गेली. तो उशिरा सापडला."

तेवढ्यात देन्का बहिणीला कडेवर घेऊन पळत आली. बाळ कसलं, लोण्याचा गोळा! "सांगितलं का गं वय?"

"ही... बरी आहे?"

"तिला काय धाड भरलीय? रात्रभर दूध पिते आणि आम्हाला जागवते."

तिला काहीच आठवत नव्हतं. आठवत होतं ते आम्हा दोघा शनिवारच्यांनाच. मी वेड्यासारखी गावाकडे बघत राहिले. दोरीवर वाळणारी दुपटी, गल्लीत ओरडणारी पोरं, चेरीवर चढलेल्या बायका. यातले किती जण या एका माणसानं मांजर हाकललं म्हणून आहेत? आजोबा मात्र खाली बसून, बाळाला मांडीवर घेऊन खिशातला वायसर दाखवत होते.

"या खेपेला मांजर निसटत होतं, पोरी," ते हळूच म्हणाले. "पुढच्या वेळी माझ्याच्यानं काही जमायचं नाही."

रात्री जेवताना मी मुद्दाम वेल्कोआजोबांचा विषय काढला.

"वेल्को म्हातारबा?" बाबा हसले. "शाळेत माकडासारखा झाडावर चढायचा. मग कसला रोग लागला कोण जाणे."

"आणि पंप काही धड होत नाही त्याच्याच्यानं," आई म्हणाली. "रुमेना, सूप निवतंय."

मी चमचा खाली ठेवला. आईच्या केसांत एकही पांढरा नव्हता. मी त्यांची बट न् बट बघून घेतली.

"आई, बाबा, मी ठरवलंय. इथून पुढं दफनाहून येताना मागं वळून मी बघणार. उद्या मी तुमच्याहून म्हातारी दिसायला लागले, तरी मला आजी म्हणायचं नाही. रुमेनाच म्हणायचं."