जगनच्या वाटणीतला बांध

"कोयता खाली घाल, जगन. माझ्या वाटणीतल्या तिवराला हात लावायचा नाय," सगुणाकाकी बांधावरून ओरडली.

आमच्याकडं खाडीचा बांध शेतांप्रमाणे वाटून घेतलेला आहे. ज्याचं शेत मागं, त्यानं तेवढा बांध सांभाळायचा. बांधाबाहेर चिखलात वाढणारं तिवर, म्हणजे खारफुटी, चुलीसाठी तोडायचं, हेही वाडवडिलांपासून चालत आलेलं. मीही तोडलंय, खोटं कशाला बोलू?

"तिवर काय तू लावलंस, गो काकी?" जगननं विचारलं.

"ज्यानं लावलं, त्यानं मला राखायला दिलंय."

ही शिकवण रामवाडीच्या पास्टर शांतवन यांची. काकी दर रविवारी तिथं प्रार्थनेला जाते. पास्टर नगरकडचे, दुष्काळी भागातले. पहिल्यांदा गावात आले तेव्हा पाणी कसं अडवायचं आणि जिरवायचं, यावर पाऊण तास बोलले. पाणी बाहेर ठेवण्यात ज्यांचा जन्म गेला, ती माणसं निमूट ऐकत बसली. शेवटी काकीनंच त्यांना बांधावर नेलं आणि तिवरात शिरलेल्या लाटेचा जोर कसा मोडतो ते दाखवलं. पुढच्या रविवारी पास्टरांनी त्या तिवरावरूनच शिकवलं. देवानं पहिल्या माणसाला बागेत ठेवलं ते मालक म्हणून नव्हे, राखणदार म्हणून.

जगननं काकीचं उत्तर ऐकून घेतलं आणि शेजारचं आपल्या वाटणीतलं तिवर बुंध्यापासून साफ केलं.

नारळी पौर्णिमेला भर दुपारी उधाण आलं. काकीच्या बांधाचं ढेकूळ हललं नाही. जगनच्या बांधाला मात्र टेम्पो जाईल एवढी खांड पडली. खाऱ्या पाण्याला वाटण्या ठाऊक नसतात. आधी जगनचं भात गेलं, मग काकीचं, मग माझं. काकीचं वर्षाचं खाणं त्या एकराभरात होतं. ती बांधावर बसून रडली आणि आम्ही दुसरीकडं बघत राहिलो.

दुसऱ्या दिवशी ओहोटीला घरटी एक माणूस खांड बुजवायला आला. पास्टरही विजार दुमडून रांगेत उभे राहिले. हातातून हातात येणारं चिखलाचं ढेकूळ त्यांनी दोनदा पायावर पाडून घेतलं.

"पास्टर," जगन म्हणाला, "काकीनं तिवर राखलं, तरी तुमच्या देवानं तिचं शेत बुडवलं. ह्ये कसं काय?"

पास्टरांनी ढेकूळ तिसऱ्यांदा पायावर पाडलं. मला त्यांची दया आली.

"देवावर ढकलू नको. तू बुडवलंस," काकी म्हणाली. "आन मी बी चुकले. माझा तेवढा तुकडा राखला आन गप घरी बसले."

खांड बुजली तशी ती पदर खोचून जगनच्या उघड्या वाटणीत उतरली. भरतीबरोबर वाहून आलेल्या तिवराच्या बिया तिनं ओटीत गोळा केल्या आणि एकेक चिखलात खोचायला लागली.

"काकी, तो बांध माझा हाय!"

"व्हय ना. म्हणून तर हितं उतरले."

जगन खाली उतरला आणि त्यानं विचारलं, "दोन बियांत अंतर किती ठेवायचं?"

काकीला ठाऊक नव्हतं. पास्टरांना तर नव्हतंच. शेवटी आम्ही भातासारखी एका ओळीत लावणी केली. यंदा लावायला दुसरं काही राहिलंही नव्हतं.