नाव गुप्त राहील

मित्रांनो, मी एक जुना, तीन तोंडांचा खांब आहे. घाबरू नका, राक्षस वगैरे नाही. तुमच्या खांद्याला लागेन एवढीच माझी उंची. वर एक तिरकी पाटी आणि पाटीवर तीन गोल बटणं. हिरव्या बटणावर हसरा चेहरा, पिवळ्यावर हसरा ना रडका, आणि लाल बटणावर ओठ खाली ओढलेला. त्यांच्या वर निळ्या अक्षरांत लिहिलेलं आहे, 'आज तुम्ही आनंदी आहात का? मनमोकळेपणाने सांगा. तुमचे नाव गुप्त राहील.'

यातलं शेवटचं वाक्य खोटं होतं. ते कपाळावर घेऊन मी पाच वर्षं उभा राहिलो. जुनी छत्री, जुनी सायकल आपलं आयुष्य सांगायला बसली की किती इमानाने सेवा केली ते तोऱ्यात सांगतात. मला तसं सांगता येणार नाही. माझी गोष्ट लाजेची आहे, आणि म्हणूनच ती तुम्हाला सांगायची आहे.

माझा जन्म एका शहरातल्या लहानशा वर्कशॉपमध्ये झाला. ज्याने मला जोडलं त्याने तिन्ही बटणं पुन्हा पुन्हा दाबून पाहिली. शेवटी त्याने लाल दाबलं, मोठी जांभई दिली आणि मला खोक्यात घातलं. मला मिळालेलं ते पहिलं खरं उत्तर. खोक्यात घालण्याआधी हसऱ्या चेहऱ्याच्या जरा वर त्याने तिळाएवढा एक काळा ठिपका बसवला होता. तो कॅमेरा होता. कुणीही बटण दाबलं की दाबणाऱ्याचा फोटो निघायचा आणि तो थेट ऑफिसात जायचा. मी तेव्हा नवा होतो. मला तो ठिपका म्हणजे दृष्ट लागू नये म्हणून लावलेली तीट वाटली.

मी आलो नगरजवळच्या एमआयडीसीतल्या एका कारखान्यात. तिथे गाड्यांच्या आत लागणाऱ्या वायरींचे जुडगे बांधायचे. काम बहुतेक बायकांचं. कंपनीची बस त्यांना गावोगावच्या फाट्यांवरून सकाळी आणायची आणि साडेतीनला शिफ्ट सुटली की परत नेऊन सोडायची. मला काचेच्या दाराशी उभं केलं होतं. घरी जाताना प्रत्येकीने एक बटण दाबायचं, असा नियम. का, तर परदेशातल्या गिऱ्हाइकाला आता नुसती वायर पुरत नव्हती. ती सुखी माणसांच्या हातची आहे, असा कागदही त्याला सोबत हवा होता. बायकांचा आनंद असा वायरीबरोबर खोक्यात भरून जहाजाने जायचा.

बायकांनी पहिल्याच दिवशी माझं नाव तीनतोंड्या ठेवलं. खंडेनवमीला सगळ्या मशिनींना झेंडूच्या माळा पडल्या तेव्हा मलाही पडली. झाडलोट करणाऱ्या चांगुणाबाईने तर माझ्या तिन्ही तोंडांना कुंकू लावलं. मी फुगून गेलो. वाटलं, आपण इथल्या माणसांची विचारपूस करतो. केवढं मोठं काम आपल्याकडे आलं!

या चांगुणाबाईचीच आधी एक गंमत सांगतो. तिने लागोपाठ चार दिवस लाल बटण दाबलं. पाचव्या दिवशी माणसांचा विभाग सांभाळणाऱ्या अश्विनी मॅडम स्वतः खाली आल्या. म्हणाल्या, "चांगुणाबाई, सफाईच्या कामात काही त्रास आहे का तुम्हाला?"

"कामात कशाचा तरास? म्हैस आटलीया माजी," चांगुणाबाई म्हणाली. "ह्यो रोज इचारतो, बरं हाय का. मंग खोटं कशाला सांगू?"

सगळी लाईन हसली. मॅडमसुद्धा हसल्या. पुढे कितीतरी दिवस बायका एकमेकींना 'म्हैस आटली का गं?' असं विचारून खिदळत होत्या. पण लाल बटण चांगुणाबाईनेच दाबलं हे मॅडमना कसं कळलं, हे एकीनेही विचारलं नाही. शिडीवर चढून ट्यूब बदलणारा कल्याण नावाचा वायरमन तेवढा हसला नाही. माझी काच पुसणं, माझ्या वायरी तपासणं त्याच्याकडे होतं. त्याला माहीत होतं. मलाही एव्हाना माहीत झालं होतं.

तुम्ही म्हणाल, मग त्या कारखान्यात कुणीच सुखी नव्हतं का? होत्या ना. दहा मिनिटांच्या चहात त्या असं काही हसायच्या की ठसका लागायचा. एकीने पगारातून घरात पहिला फ्रिज घेतला, तर आठवडाभर ती त्यात जमलेल्या बर्फाच्याच गोष्टी सांगत होती. नाताळात हन्नाताईने डबाभर करंज्या आणल्या, संक्रांतीला दुसऱ्या कुणी तिळगूळ आणला. हे सगळं माझ्यापासून चार पावलांवर चालायचं. पण ते हसू माझ्याकडे द्यायला कुणी येत नव्हतं, आणि माझ्याकडे येताना तोंडावर असायचं ते हसू ते नव्हतं. ते ओळखपत्रासारखं गळ्यात घातलेलं होतं.

आता हन्नाताईबद्दल सांगतो, कारण माझी लाज तिच्यापाशी आहे. ती सोनईजवळच्या एका वस्तीवरची. चाळिशीची, अंगाने बारीक, बोलायला मोजकी. रविवारी चर्चमध्ये लहान मुलांना गोष्टी सांगायची. खरं बोलायचं असं मुलांना शिकवायची, आणि शिकवायची म्हणून स्वतःही तसंच वागायची. कल्याणही तिच्याच गावचा. दोघं एकाच फाट्यावर बसमध्ये चढायची.

एकदा मोठे पाहुणे कारखाना बघायला यायचे होते. बसून काम करणाऱ्या बायका फोटोत आळशी दिसतात, असं वरच्या कुणाला तरी वाटलं. एका रात्रीत लाईनवरची स्टुलं गेली. पाहुणे येऊन गेले, पण स्टुलं परत आली नाहीत. आठ तास उभ्याने काम सुरू झालं. हन्नाताईच्या शेजारी स्नेहल नावाची नवी मुलगी होती, सहा महिन्यांची गरोदर. दुपार झाली की तिचे पाय चपलेत मावेनासे व्हायचे. मग ती अनवाणी उभी राहायची, कधी या पायावर तर कधी त्या.

हन्नाताईने लाईनच्या साहेबांना दोनदा सांगितलं. तिसऱ्यांदा साहेब म्हणाले, "अहो, ते मशीन कशाला ठेवलंय? त्यात सांगा."

तिने ते मनावर घेतलं. त्या दिवशी साडेतीनला ती माझ्यापुढे थांबली आणि माझ्या कपाळावरचं वाक्य तिने बोटाने अक्षर न् अक्षर वाचलं. मग मागे वळून स्नेहलला म्हणाली, "नाव कळत न्हाई म्हनं. लाल दाबते मी. येक स्टूल तर दिऊ दे तुला."

कल्याण तेव्हा तिथेच शिडीवर होता. त्याच्या हातातला स्क्रू ड्रायव्हर थांबला. मला वाटलं, आता हा बोलेल. मला स्वतःला तर बोलता येत नव्हतं. निदान बटण अडकावं, दिवा जळावा, काहीतरी बिघडावं, असं मला झालं. पण मी चांगल्या प्रतीचा माल होतो. बटण दाबलं गेलं आणि मी फोटो काढला. ओठ घट्ट मिटलेले, डोळे सरळ माझ्याकडे, आणि तिच्या खांद्यामागे स्नेहलचा अर्धा चेहरा.

सलग सहा दिवस तिने लाल दाबलं. सातव्या दिवशी सकाळी तिचं कार्ड गेटवर चाललं नाही. ती कंत्राटी कामगार होती. तिला काढायला कागदसुद्धा लागला नाही. बस तर निघून गेलेली, ती परतणार साडेतीनला. हन्नाताई गेटबाहेरच्या लिंबाखाली डबा मांडीवर घेऊन बसली. काचेतून मला ती दिवसभर दिसत होती. स्टूल मागणारी ती बाई त्या दिवशी आठ तास बसून होती, आणि माझ्याने तिच्याकडे बघवत नव्हतं.

साडेतीनला स्नेहल माझ्यापुढे आली. आधी तिने गेटकडे पाहिलं. मग हिरवं बटण दाबलं. तिच्यामागून आलेल्या प्रत्येकीने हिरवं दाबलं. चांगुणाबाईनेही दाबलं. तिची म्हैस त्याच आठवड्यात मेली होती.

पुढच्या महिन्यात आमचा कारखाना शंभर टक्के आनंदी ठरला. केक कापला. माझ्याशेजारी उभं राहून साहेब लोकांनी फोटो काढले. सगळे पांगल्यावर अश्विनी मॅडम मोबाईलवर कुणाला तरी 'हो सर, हो सर' म्हणत माझ्यापर्यंत आल्या. त्यांनी फोन ठेवला. त्यांचं बोट पिवळ्या बटणावर गेलं होतं. मग त्यांची नजर त्या काळ्या ठिपक्यावर पडली आणि त्यांनीही हिरवंच दाबलं. माझी भीती त्यांनाही वाटते, हे मला तेव्हा कळलं. सगळ्यांना आनंदी ठेवण्याचा पगार घेणाऱ्या बाईलाही खरं उत्तर देता येत नव्हतं, तर बाकीच्यांनी ते कुठून द्यायचं?

पुढे हेच प्रश्न मोबाईलवर विचारायला लागले आणि मी भंगारात गेलो. जिन्याखाली, तुटक्या खुर्च्यांच्या ढिगात. खरं सांगू? त्या धुळीत मला बरं वाटत होतं. निदान कुणाचा फोटो काढावा लागत नव्हता.

तिथून मला कल्याणने उचललं. त्याच्या वस्तीवरच्या शाळेतल्या भागवत गुरुजींना, दुपारची खिचडी मुलांना आवडते का ते कळायला असं काहीतरी हवं होतं. कल्याणने आधी पकडीने तो काळा ठिपका उपटून काढला आणि दगडाने ठेचला. नुसती बटणं आणि दिवे ठेवले. मग मला शाळेच्या ओसरीत आणून उभं केलं.

ओसरीत एक बाई बसून तांदूळ निवडत होती. ती हन्नाताई होती. शाळेची खिचडी आता ती करते. मला बघून तिचे हात थांबले. ती उठली, जवळ आली आणि हसऱ्या तोंडावरच्या भोकात तिने बोट घातलं.

"कल्याण, ह्ये भोक कसलं रं?"

कल्याण खाली बसून वायर गुंडाळत होता. तो गुंडाळतच राहिला. "कॅमेरा हुता ताई तिथं."

"कंपनीत आसताना?"

"व्हय."

"तुला ठावं हुतं?"

"व्हय." आता त्याचे हात थांबले. "तुमी बटन दाबलं तवा मी शिडीवर हुतो. म्हनलं, सांगावं. पर माजीबी नोकरी जाईल म्हनून... न्हाई सांगितलं ताई. लई लाज वाटती. तुमच्या दारावरनं जाताना मी गाडीबी जोरात काढतो."

हन्नाताईने भोकातलं बोट काढून घेतलं. मग म्हणाली, "चांगुणाच्या म्हशीच्या वक्तालाच मला कळाया पायजे हुतं. आमी नुसत्या हसत बसलो." आणि जरा वेळाने, "उठ आता. पोरं जेवाया येतील."

तिने त्याला माफ केलं की नाही, मला माहीत नाही. मला तर ती काहीच बोलली नाही.

त्या दुपारी मुलं जेवून उठली आणि एकेक करून माझ्यापुढे आली. हिरवं, हिरवं, हिरवं. एवढीशी पोरं, तीही हेच शिकून आलेली! तेवढ्यात तिसरीतली निकिता आली. तिने इकडे तिकडे पाहिलं आणि पटकन लाल दाबलं. लाल दिवा लागला.

"कुनी दाबलं?" हन्नाताई चुलीपासून उठून आली. मित्रांनो, मला गेटबाहेरचा तो लिंब आठवला. लाल दाबल्यावर काय होतं ते मला एवढंच माहीत होतं. निकिताने मान खाली घालून हात वर केला.

"मीठ न्हाई खिचडीत," ती पुटपुटली.

हन्नाताईने पातेल्यातला घास तोंडात टाकला आणि कपाळावर हात मारला. "आगं बया! कल्यानशी बोलता बोलता मीठच इसरले. आन् तुमी समदी हिरवं काय दाबत बसला रं?"

"तुमाला वाईट वाटंल म्हनून," एकाने सांगितलं.

हन्नाताई हसली. कारखान्यात चहाच्या वेळी, करंज्यांच्या वेळी हसायची तशी. तिने आत जाऊन मिठाची बरणी आणली, सगळ्यांना परत ताटावर बसवलं आणि रांगेने उरलेली खिचडी आणि मीठ वाढत गेली. निकितापाशी थांबून म्हणाली, "आसंच सांगत जा बरं का. तोंडानं सांगितलं तरी चालंल."

माणसं सुखी होतात की नाही, याचं उत्तर मी पाच वर्षं रोज गोळा केलं आणि मला ते ठाऊक नाही. एवढंच सांगतो, कुणाला 'बरं आहे ना?' असं विचारलंत तर उत्तर ऐकायला थांबा. ते लाल निघालं तर विचारणाऱ्याला काहीतरी आणायला उठावं लागतं. लाल बटण त्यासाठी असतं, हे मला त्या दुपारी पहिल्यांदा कळलं.

त्या कारखान्यातही कुणीतरी उठायचंच तर होतं. एक स्टूल आणायचं होतं, मित्रांनो. मिठाच्या बरणीपेक्षा ते थोडंसं जड असेल, एवढंच.